पाण्याचं सोंग

कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. त्यात टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. पुढे पोढी बोलण्यातून गेली, टाकं राहिलं. आज शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्यांपाशी उभं राहून पोढी म्हटलं, तर वाटाड्यासुद्धा गोंधळेल.

टाकं मात्र घरात बसणारं नव्हतं. पोर्तुगीज आले, इंग्रज आले, आणि सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या लिखाणात ‘टँक’ दिसू लागला. कोशकार त्याच्या एका अंगाला आपलं टाकं नि गुजराती टांकी दाखवतात, दुसऱ्या अंगाला पोर्तुगीजांचा, पाणी अडवण्यावरून आलेला शब्द. या भाऊबंदकीत मी पडत नाही. पण दगड फोडणाऱ्या टाकीने खोदलं ते टाकं, असं मानायला मला आवडतं. म्हणजे मग टांकसाळ, देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, झालंच तर कचेरीतलं टंकलेखन, सगळे एकाच गोतातले.

इंग्रजीने या टाक्यात काय काय भरलं! तेल, पेट्रोल, शोभेचे मासे. पोहण्याच्या टाकीतल्या पोशाखावरून बिनबाह्यांचा टँक टॉप आला. पण खरी करामत पहिल्या महायुद्धातली. लिंकन गावात विल्यम फॉस्टर ही शेतीची यंत्रं बनवणारी कंपनी होती. 1915 साली तिथे खंदक ओलांडणारी पोलादी गाडी घडू लागली. बातमी फुटू नये म्हणून हूल उठवली, की या मेसोपोटेमियात पाणी वाहून न्यायच्या गाड्या आहेत. ‘वॉटर कॅरिअर’ हेच नाव राहायचं, पण त्याची आद्याक्षरं डब्ल्यू. सी. होतात, म्हणजे चक्क संडास, हे साहेबांच्या वेळीच लक्षात आलं म्हणे! मग ‘टँक’ ठरलं. 15 सप्टेंबर 1916 रोजी सोमच्या रणभूमीवर, फ्लेर्सजवळ, सुमारे अठ्ठावीस टनांची ही धुडं जर्मन खंदकांवर चालून गेली. प्रत्येकाच्या पोटात आठ माणसं, मशीनगन, काहींत तोफाही. सोंग उतरलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

शंभर वर्षांनी, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टाक्यांतून खरोखरच पाणी गेलं. वर्तमानपत्रांत त्या गाडीचे फोटो झळकले. वाडीवस्तीवरच्या टँकरचा फोटो कोण छापणार? तो मराठवाड्यात दर उन्हाळ्याचाच. ‘आमच्या गावाला टँकर लागला’ म्हणतात तिकडे, ग्रहण लागावं तसं.