राजारामपुरीत रॅम!

वीकेंडला कोल्हापूर म्हटलं की सगळ्यांची लिस्ट ठरलेली. अंबाबाईचं दर्शन, मिसळ, तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा. माझ्या लिस्टमध्ये यावेळी एक भलतीच गोष्ट होती... चार जीबी रॅम!

लॅपटॉप २०१४ चा. आधी दादाचा, मग माझा. मास कॉमच्या असाइनमेंट्सपासून आजपर्यंतचं सगळं त्याच्यावरच लिहिलं. हल्ली मात्र ब्राउझरचे पाच टॅब उघडले की स्वारी गपगार! नवा घ्यायचा तर ईएमआय. आणि फ्रीलान्सरचा चेक कधी येईल, ते कुणी सांगावं?

पुण्यात एकदा प्रयोग करून झाला होता. 'डीडीआर थ्री ना? मग झालं,' म्हणत दुकानदारानं रॅम दिली. ती स्लॉटमध्ये बसलीही झक्कास. पण स्क्रीन काळी ती काळीच. परत घ्यायला साफ नकार. पैसे पाण्यात!

म्हणून घरी आल्यावर थेट राजारामपुरी गाठली. इथे गल्लीचा नंबर सांगितला की अर्धा पत्ता सांगून होतो. जनता बाजार चौक ओलांडायचा आणि कपडे, कॅफे, मोबाइल कव्हर यांच्या गर्दीतून कॉम्प्युटरचं दुकान शोधायचं.

काउंटरवरच्या पोरानं किंमत सांगायच्या आधीच स्क्रू-ड्रायव्हर काढला. "ताई, जुनी रॅम बघू की आधी. नंबर बघितल्याशिवाय देत नाही आपण."

लेबलवर होतं, पीसी३एल-१२८००एस. सगळी मेख त्या 'एल'मध्ये! एल म्हणजे लो व्होल्टेज. साधी डीडीआर थ्री १.५ व्होल्टवर चालते, ही १.३५ वर. २०१३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपना हीच लागते. दोन्हींच्या पिना २०४, खाच एकाच जागी, म्हणून चुकीचीही आरामात बसते. डीडीआर फोरच्या पिना २६०, ती बसणारच नाही. १२८०० म्हणजे १६०० चा स्पीड.

"लावून बघूया. चालली तर पैसे द्या."

चालली! आठ जीबी दिसले तेव्हा मला आजोबा आठवले. ते शिवाजी उद्यमनगरात लेथवर होते. बेअरिंग आणायला पाठवताना जुनं बेअरिंग हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "नाव सांगू नको, नंबर दाखव." माल बदलला, गावाची रीत तीच.

एक मात्र खरं, रॅम म्हणजे काही संजीवनी नव्हे. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ माझ्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. म्हणून आता लिनक्सशी मैत्री सुरू आहे. पण टॅब पाचाचे पंधरा झाले, आणि हा लेख त्याच लॅपटॉपवर लिहिलाय.

दुकानात जाण्याआधी...
• टास्क मॅनेजरच्या मेमरी भागात रॅमचा स्पीड आणि किती स्लॉट भरलेत ते पाहा. सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअरही सांगतं.
• लॅपटॉप जास्तीत जास्त किती रॅम घेतो, ते मॉडेल नंबरवरून तपासा.
• विंडोज ३२ बिट असेल तर चार जीबीच्या पुढची रॅम वायाच.
• दोन स्लॉट असतील तर सारख्या क्षमतेची जोडी लावा, वेग वाढतो.
• काही स्लिम लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तिथे नाद सोडा, मिसळ खा!