आधी पद्धत, मग निष्कर्ष

चि. वर्षास,


नववीच्या मुलांना चिकित्सक विचार कसा शिकवू, असं तू विचारलंस. माझं सांगणं एवढंच, भाषण देऊ नकोस, एक शोधनिबंध वाचायला दे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांचा फलज्योतिषाच्या चाचणीवरचा निबंध २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. तो नेटवर फुकट वाचता येतो.

त्यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका मिळवल्या, एकत्र मिसळल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पाठवल्या. कुठली पत्रिका कुठल्या गटातली, एवढंच ओळखायचं होतं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी निम्म्यालाही पोचली नाही.

मुलं लगेच म्हणतील, "म्हणजे ज्योतिष खोटं!" तिथेच त्यांना थांबव. नुसता निष्कर्ष पाठ केला, तर ज्योतिषाच्या जागी शास्त्रज्ञ येऊन बसतो, मुलाची विचार करण्याची सवय आहे तिथेच राहते. त्यांना पद्धतीत शिरू दे. पत्रिका का मिसळल्या? मुलांना प्रत्यक्ष का दाखवलं नाही? एका ज्योतिषाची २४ उत्तरं बरोबर आली, मग त्याला विद्या येते का? यावर वाद रंगला की प्रत्येकाला ४० वेळा नाणं उडवायला लाव. छापा म्हणजे बरोबर. पन्नासच्या वर्गात पाच-सात जण तरी बहुधा २४ गाठतील किंवा ओलांडतील. योगायोग किती लांब जाऊ शकतो, हे मुलं स्वतःच्या वहीत बघतील.

मग निबंधावरही शंका घेऊ दे. तयारी ५१ जणांनी दाखवली होती, उरलेल्यांची उत्तरं आली असती तर? चाचणी बुद्धिमत्तेची होती, लग्न-नोकरीच्या भाकितांबद्दल तीवरून किती बोलता येईल? यात लेखकांचा अवमान नाही. त्यांनी सगळं उघड मांडलं, म्हणून तर हे विचारता येतं.

फुकट वाचता येणाऱ्या संशोधनाचं खरं मोल मला इथे वाटतं. बाईंनी वर्गात सांगितलेलं बरोबर आहे का, हे विद्यार्थी घरी मोबाइलवर मूळ निबंध उघडून पडताळू शकतो. तशी मुभा तू त्यांना स्वतःहून दे, आणि कुणी तुझीच चूक दाखवली तर वर्गासमोर त्याला शाबासकी दे.

तुझा,
मामा