बैलाचे काळीज आणि तीन माईक

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला काळीज या शब्दाची सवय असते. कवितेच्या तासाला ते तुटते, फाटते, प्रसंगी वितळतेही. मटणाच्या दुकानात मात्र 'कलेजी' मागितली तर हृदय नव्हे, यकृत तागडीत पडते. भाषेने केव्हातरी ही अदलाबदल केली आणि आपण ती मान्य केली. पण एखादे खरेखुरे काळीज नीट धडधडते आहे की नाही, हे ऐकण्याची पाळी मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्यावर सहसा येत नाही. माझ्यावर ती गेल्या पावसाळ्यात आली, आणि तीही बैलाच्या निमित्ताने.

आमचे गाव दारव्हा तालुक्यात. रोही आणि रानडुकरांच्या भयाने धुऱ्यावर तारेचे कुंपण. त्या तारेचा एखादा तुकडा कडब्यात मिसळला आणि आमचा पवळ्या तो गिळून बसला, असा गुरांच्या डॉक्टर साहेबांचा अंदाज होता. त्याने वैरण सोडली होती, पाठीची कमान करून उभा राहायचा आणि उतारावरून नेले की कण्हायचा. गाय-बैल चारा न चावताच गिळतात, रवंथ मागाहून. त्यामुळे तार पोटात जाते आणि मधाच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या पोटात अडकते. या पोटाच्या पुढे एक पडदा, आणि पडद्यापलीकडे लगेच हृदय! तार तिथवर सरकली की हृदयाभोवतीच्या पिशवीत पू साचतो, ठोके दबके होतात, कधी पाणी डचमळल्यासारखा आवाज येतो. मग आशा फार थोडी.

डॉक्टर साहेबांनी पवळ्याला लोहचुंबक गिळवले, इंजेक्शने सुरू केली आणि पुढचे पाय उंचावर राहतील असा मुरमाचा ओटा करायला सांगितले. "दहा दिवस ठोक्यांवर लक्ष ठेवा. वाढतात का, दबतात का, ते पाहा," असे म्हणून ते पुढच्या गावाला गेले. इकडे डवरणी तोंडावर आलेली. कर्ज काढून दुसरा बैल घ्यायचा की थांबायचे, हे बाबांना त्या दहा दिवसांत ठरवायचे होते.

ठोके मोजणे सोपे आहे. स्टेथास्कोप डाव्या पुढच्या पायाच्या कोपराच्या आत सरकवायचा आणि घड्याळ पाहायचे. मोठ्या जनावराचे ठोके विश्रांतीत मिनिटाला साधारण ५० ते ८०. पवळ्याचे ९२ होते. पण 'दबके' म्हणजे किती दबके? कालचा आवाज आज कोणाला आठवतो? बाबा म्हणत कालच्यापेक्षा बरा, आजी म्हणे वाईट. आवाज टिपून डॉक्टर साहेबांकडे पाठवला पाहिजे, एवढे मला कळले. आणि म्हणून माईकचा शोध सुरू झाला.

पहिला माईक भजनी मंडळाचा. तो गळ्यासाठी जन्मलेला, आणि बैलाचे हृदय काही गात नाही. हृदयाचा बहुतेक आवाज सेकंदाला २० ते १५० कंपनांच्या खोल पट्टीत असतो. तिथे हा माईक जवळजवळ मुका. शेजारच्या गोठ्यातली घंटा मात्र त्याने फार सुरेल टिपली.

दुसरी पिझोची चकती, वाढदिवसाच्या भेटकार्डात वाजते तीच. दाबली की वीज देणाऱ्या स्फटिकांचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. चकती थेट कातडीला लावता येते, म्हणून मला ती फार आवडली. पण बैल माश्या उडवायला अंगाची कातडी थरथरवतो, आणि त्या प्रत्येक थरथरीला चकतीत ढग गडगडतात. शिवाय ती लॅपटॉपच्या माईकच्या भोकात सरळ खुपसली की तिचा खालचा सूरच नाहीसा होतो. मध्ये वेगळा अँप्लिफायर लागतो. बाबा हे सारे पाहत होते. "तुले मराठी शिकाले धाडलं कॉलेजात, अन् तू बैलाच्या छातीले वायरा लावत बसला!"

तिसरा माईक यवतमाळच्या दत्त चौकाजवळ एका दुरुस्तीच्या दुकानात मिळाला. मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा, ६ मिलिमीटरचा, किंमत पंधरा रुपये. इलेक्ट्रेट त्याचे नाव. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत सेसलर आणि वेस्ट यांनी १९६२ मध्ये तो घडवला. दुकानदार एकाच दिशेचे ऐकणारा घ्या म्हणत होते, पण त्याच्या पाठीला भोके असतात आणि त्यांतून सगळा गोठा आत येतो. मी पाठ बंद असलेला, चहूकडचे ऐकणारा घेतला. कारण त्याला चहूकडचे ऐकायची संधीच द्यायची नव्हती! स्टेथास्कोपची रबरी नळी दोन बोटे ठेवून कापली, माईक तीत घट्ट बसवला आणि फटी सायकलच्या ट्यूबने बंद केल्या. फट राहिली की खोल आवाज आधी निसटतो. बैलाचे केस पाण्याने ओले केले, नाहीतर त्यांची खसखस ऐकू येते. लॅपटॉप चार्जरवर लावायचा नाही, कारण आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते आणि तिची घरघर नेमकी हृदयाच्याच पट्टीत येऊन बसते. आवाज स्वच्छ करण्याची लॅपटॉपची सोयही बंद केली. ती ठोक्यांनाच गोंगाट समजून पुसून टाकत होती.

आणि मग ऐकू आले. लब्-डब्. प्रथम मला, मग बाबांना. बाबांनी हेडफोन काढला नाही. बराच वेळ बैलाकडे पाहत राहिले.

पहिली फाईल पाठवली, तर डॉक्टर साहेबांचा निरोप, "काहीच ऐकू येत नाही." त्या रात्री घरात कोणी धड जेवले नाही. बाबांनी बैलाच्या व्यापाऱ्याचा नंबरही शोधून ठेवला. सकाळी उलगडा झाला, की साहेबांनी ती मोबाईलच्या स्पीकरवर ऐकली होती; एवढ्याशा स्पीकरमधून इतका खोल सूर निघतच नाही. हेडफोन लावल्यावर त्यांचा फोन आला : "आवाज मोकळा आहे. रोज पाठवत जा."

ठोके ९२ वरून ८६ वर, मग दोन दिवस तिथेच अडकले, सातव्या दिवशी ७८. दहाव्या दिवशी ६८, आणि आवाज पहिल्या फाईलइतकाच मोकळा. तार बहुधा चुंबकाला धरून बसली असावी. यंदा जड काम नको, असे डॉक्टर साहेबांनी सांगितले. बाबांनी डवरणीला भाड्याची जोडी लावली आणि व्यापाऱ्याला फोन केला नाही.

पोळ्याला पवळ्या तोरणाखाली उभा राहिला. वाजंत्री सुरू झाल्यावर त्याचे ठोके किती होतात, हे ऐकायची मला फार इच्छा होती. पण बाबांनी त्या दिवशी वायर लावू दिली नाही.