तिळातला रामशास्त्री

तिळाचे आपल्याकडे भारी कौतुक. मुलीच्या हनुवटीवर एखादा तीळ असला, की पाहायला आलेल्या मंडळींपैकी एखादी मावशी त्याचा उल्लेख केल्यावाचून राहत नाही. तळहातावर तीळ असला की पैसा मुठीत राहतो, तळपायावर असला की परदेशगमन घडते, असे सांगणारे जाणकार प्रत्येक कुटुंबात एक तरी असतातच. आणि अर्जातल्या ‘ओळखीची खूण’ या रकान्याने कधी कोड्यात टाकले नाही, असा माणूस विरळा. शेवटी आपण कोपराजवळचा एखादा तीळ शोधून काढतो आणि वेळ निभावून नेतो. सरकारदरबारी आपण आपणच आहोत, अशी साक्ष देतो तो एवढासा काळा ठिपका!

पण हा साक्षीदार मूळचा कोण, याची चौकशी आपण कधी करीत नाही. शास्त्रज्ञांनी ती केली. तिच्यातून जे निघाले ते वाचल्यावर मी माझ्या कोपरावरच्या तिळाला मनातल्या मनात नमस्कार केला.

आपल्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे काळसर तपकिरी द्रव्य बनवून शेजारच्या पेशींना वाटतात, आणि त्या शेजारणी त्याची छत्री करून उन्हापासून आपला बचाव करतात. अशी एखादी परोपकारी रंगपेशी बिघडून बेबंद वाढू लागली, की जो कर्करोग होतो, त्याला मेलानोमा म्हणतात. स्टेथोस्कोपचा जनक म्हणून आपल्या परिचयाचे असलेले फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी १८०४ साली पॅरिसमध्ये या काळ्या गाठींचे शास्त्रीय वर्णन केले. पण पेशी बिघडते म्हणजे तिच्या आत नेमके काय होते, हे कळायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली.

२००२ साली इंग्लंडात, केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या संशोधकांच्या हाती एक धागा लागला. पेशीच्या दाराशी ‘वाढ’ असा निरोप आला, की तो हातोहात आतल्या गाभ्यापर्यंत पोहोचवणारी जासुदांची एक साखळी असते. बी-रॅफ नावाचे प्रथिन हा त्यातला एक जासूद. त्याची घडण ज्या जनुकात लिहिलेली असते, तो मजकूर सुमारे २,३०० अक्षरांचा. कितीतरी मेलानोमांत त्यातले १,७९९ वे अक्षर तेवढे बदललेले आढळले. एकच अक्षर! पण तेवढ्याने हा जासूद, बाहेरून काहीही निरोप आलेला नसताना, ‘वाढ, वाढ’ असा एकसारखा पुकारा करीत सुटतो. त्वचेच्या मेलानोमांपैकी सुमारे निम्म्यांत बी-रॅफचा असा बिघाड असतो.

मराठी माणसाला हे समजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, तेव्हा ‘धरावे’ या हुकमातल्या ‘ध’चा ‘मा’ झाला होता, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. एका अक्षराने काय होते, हे आपल्याला कोणी निराळे शिकवायला नको.

खरी गंमत पुढेच आहे. २००३ साली संशोधकांनी साधे, निरुपद्रवी तीळ तपासले आणि ते चकित झाले. बहुतेक तिळांतही नेमका तोच ‘ध’चा ‘मा’ झालेला होता! म्हणजे हुकूम फिरलेला, जासूद ओरडतो आहे, आणि तरीही तीळ मात्र वर्षानुवर्षे मुगाच्या डाळीएवढाच. असे का? तर त्या पेशींनी काही काळ हुकूम मानला, थोड्या वाढल्या, आणि मग आतूनच कोणीतरी म्हणाले, ‘बस्स!’ पी-१६ नावाचे एक प्रथिन हे अशा ‘बस्स’ म्हणणाऱ्यांपैकी. प्रत्यक्ष राघोबादादांना दोषी ठरवणारे रामशास्त्री प्रभुणे त्या काळी एकच होते; पेशीपेशीत मात्र असा एकेक रामशास्त्री बसलेला असतो. तीळ म्हणजे चुकीचा हुकूम मिळूनही तो न पाळणाऱ्या पेशींची वस्ती. उन्हाने किंवा दुसऱ्या कशाने पी-१६चे जनुकही नाहीसे झाले, म्हणजे रामशास्त्री दरबार सोडून गेले, की मग त्या हुकमाला अडवणारे कोणी उरत नाही.

आमच्या घरी हा हुकूम अंमलात आलेला मी पाहिला आहे. १९८७ साली आमच्या आत्याच्या टाचेवर काळा डाग उठला. मी तेव्हा शाळेत होतो. कोणी म्हणाले कुरूप आहे, कोणी म्हणाले काटा मोडला असेल. कोणी बिब्बा घातला. मग तो काळेपणा बिब्ब्याचा की मूळचा, हेच कळेना. तळपायावरच्या तिळाचा शुभार्थ सांगणारेही भेटले. जांघेत गाठ आली, तेव्हा कुठे तिला मोठ्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासणी केली, आणि बाबांना बाजूला बोलावले. त्या काळी पसरलेल्या मेलानोमावर आयुष्य वाढवील असे औषधच नव्हते. रुग्ण बहुधा वर्षही काढीत नसे. १९८९च्या दिवाळीला आत्या नव्हती.

म्हणून पुढची हकिगत वाचताना माझा जीव तीळतीळ तुटतो. २०११ साली ओरडणाऱ्या बी-रॅफचे तोंड बंद करणारी गोळी अमेरिकेत मान्य झाली. गाठी आठवड्यांत विरघळू लागल्या. पण रोगही बिलंदर! साधारण अर्ध्या वर्षात तो दुसऱ्या वाटेने निरोप पोहोचवू लागे. तेव्हा डॉक्टरांनी साखळीतल्या पुढच्या जासुदालाही, म्हणजे ‘मेक’ या प्रथिनालाही, अडवणारी गोळी जोडीला दिली. या जोडगोळीवर पाच वर्षांनंतर सुमारे एकतृतीयांश रुग्ण हयात असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले.

दुसरी वाट अगदी निराळी. आपल्या रक्तातले शिपाई घरच्याच माणसांवर तुटून पडू नयेत, म्हणून निसर्गाने त्यांना लगाम घातलेले असतात. कर्करोग लबाडीने तेच लगाम ओढून धरतो. अमेरिकेतले जेम्स अ‍ॅलिसन आणि जपानातले तासुकु होंजो यांनी असे दोन लगाम ओळखून ते सोडवण्याची युक्ती दाखवली. त्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा २०१५ साली मेंदूपर्यंत गेला होता. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि हे नवे औषध यांनी ते बरे झाले, आणि २०२४च्या डिसेंबरात, शंभरी पुरी करून गेले. दोन्ही लगाम सोडवणारी औषधे एकत्र घेतलेल्या रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब २०२४ साली छापून आला. शंभरांत सुमारे ४३ जण जिवंत होते. जिथे वर्ष निघत नसे, तिथे दहा वर्षे!

पण औषधाची कथा इथे सुफळ संपूर्ण झाली, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. ही औषधे लाखांच्या घरात जातात. शिवाय उन्हाने होणारा मेलानोमा हा मुख्यत्वे गोऱ्या कातडीचा शत्रू. आपल्याकडे हा रोग विरळा, आणि झालाच तर बरेचदा तळपाय, तळहात, नखाखाली, जिथे ऊन पोहोचत नाही अशा ठिकाणी होतो. तिथे अक्षर बहुधा दुसऱ्याच कागदावर बदललेले असते. काहींत ते ‘किट’ नावाच्या जनुकात सापडते, आणि त्यातल्या काहींना त्यावरची गोळी लागूही पडते. लगाम सोडवणारी औषधेही या जातीच्या रोगावर तितकी प्रभावी ठरत नाहीत. म्हणून आपल्यासाठी सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय अजून तरी एकच: वेळेवर पाहणे. डाग कातडीत वरवर आहे तोवर काढून टाकला, तर बहुतेकांचे काम तिथेच संपते.

तिळाला भिण्याचे कारण नाही. हजारांतल्या एखाद्याचीही मती फिरत नाही, आणि बहुतेक मेलानोमा तर साध्या कातडीवर नव्यानेच उगवतात. मात्र जो डाग वाढतो आहे, ज्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत, जो सहा मिलिमीटरपेक्षा मोठा झाला आहे, किंवा नखातली काळी रेघ रुंदावते आहे, तो त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावा. बिब्बा घालू नये.

नरकचतुर्दशीला पहाटे घरोघर अंगाला तेल लागेल. पाठीला लागेल, दंडाला लागेल. तळपाय मात्र आपण घाईने उरकतो. यंदा आजीचा पाय मांडीवर घेऊन दिव्याच्या उजेडात तिची टाच नीट पाहा. ती म्हणेल, ‘पुरे रे, गुदगुल्या होतात.’ होऊ द्यात.