डायनिंग कारचा तळ

4 मे 2022, बुधवार. देवगाव रंगारी

पुतण्याने काल रात्री मोबाइलवर फोटो पाठवले. वाळूजला त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे. एका स्टेशनाबाहेर सेवेतून काढलेला डबा उभा केलाय, त्याचं हॉटेल व्हायचंय आणि आतलं सगळं काम त्याला मिळालंय. डबा पूर्वीची पॅन्ट्री कार आहे. ‘काका, तुमची उमर माटुंग्याला डबे दुरुस्त करण्यात गेली, एकदा नजर टाका’ असा निरोप.

नजर टाकली. निळ्या रंगाचे पोपडे, गळकी खिडकी, छतातला उखडलेला पंखा. सगळे फोटो कमरेच्या वरचे. तळाचा एकही नाही. उलट निरोप पाठवला, ‘खाली वाकून काढ.’

अशा हॉटेलांची सध्या लाट आहे. 2020 मध्ये आसनसोलला झालं, गेल्या ऑक्टोबरात मुंबईला सीएसएमटीच्या आवारात. तिथे दहा टेबलं, चाळीस माणसं. जुना डबा भंगारात तोडण्यापेक्षा हे बरंच, पण बरं म्हणजे नक्की किती, ते डब्यात उतरल्याशिवाय सांगता येत नाही.

8 मे, रविवार

वाकून काढलेले फोटो आले. जे वाटलं होतं तेच.

पुतण्याला फोनवर समजावलं ते इथेही लिहून ठेवतो, त्याच्या पोरांना उपयोगी पडेल. हा आयसीएफचा डबा. मद्रासजवळ पेरांबूरला 1955 मध्ये इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली, ती स्वित्झर्लंडमधल्या श्लीरेनच्या कारखान्याचं डिझाइन घेऊन. त्याआधीच्या डब्यात खाली लोखंडी अंडरफ्रेम आणि वर सागवानाचं घर, असे दोन वेगळे जीव असत. आयसीएफच्या डब्यात तळ, भिंती, छत सगळं पोलादाचं आणि एकमेकांना वेल्ड केलेलं. भार सगळे मिळून उचलतात. अपघातात डबे एकमेकांत सहजी घुसत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. तोटा असा की तळ कुजला तर नुसता तळ कुजत नाही, सगळ्या घराची ताकद जाते.

कुजतो कुठे, हेही ठरलेलं. संडासाखाली, दरवाजाच्या उंबऱ्याशी आणि स्वयंपाकघराखाली. खारट पाणी, भांड्याचं धुणं, तेल, आमटी, वर्षानुवर्षं सांडत राहतं. ते फ्लोअरच्या थरातून झिरपून खालच्या ट्रफ फ्लोअरच्या पन्हळीत साचतं. पाणी जायला भोकं असतात, पण कचऱ्याने ती बुजतात. मग पाणी सोलबारपर्यंत जातं, म्हणजे डब्याच्या दोन्ही बाजूंनी लांबवर गेलेल्या त्या मुख्य तुळईपर्यंत. भिंतीच्या आतल्या खांबांची बुडं तिथेच वेल्ड केलेली असतात. बाहेरून रंग छान दिसतो आणि आत खांब अधांतरी.

पॅन्ट्री कार आणि डायनिंग कार हे म्हणून सगळ्यात आजारी डबे. आमच्या शॉपमध्ये दुरुस्तीला पॅन्ट्री आली की मिस्त्री आधी नाक मुरडायचे, मग बाह्या.

15 मे, रविवार

काल जाऊन आलो. ऊन असं की पत्र्याला हात लागत नव्हता. सोबत हातोडी नेली होती, अर्ध्या किलोची. सून म्हणाली, ‘पप्पा, आता पेन्शनीत हातोडी कशाला?’ डबा तपासायला दुसरं यंत्र मला येत नाही, एवढंच खरं.

एका टोकापासून सोलबारवर ठोकत गेलो. निरोगी पत्रा खणखणीत बोलतो. गंजलेला बद्द वाजतो, आणि आतून थर सुटलेले असतील तर हातोडीखाली पापुद्रे गळतात. बसायच्या भागात पत्रा ठीक होता. स्वयंपाकघराच्या बाजूला आलो तसा आवाज बदलला. भटारखान्याच्या मोरीखाली हातोडी सरळ आत गेली. पुतण्याचं तोंड उतरलं. त्याने अंदाजपत्रकात तळाला एक पैसा धरला नव्हता. जुन्या फ्लोअरवर नवा प्लाय, वर विनाइल, असा बेत होता.

आतला प्लास्टिक लॅमिनेटचा पत्रा खिडकीखाली उचकटून बघितला. आतली काचलोकर ओल धरून काळी पडली होती. उष्णता अडवायला घातलेली वस्तू पाणी मात्र स्पंजासारखं राखून ठेवते. ती सगळी काढायला लावली. वेल्डिंगच्या आधी तर काढायचीच, आणि गाद्या, फोम, प्लाय, वायरीसुद्धा. डबा जळतो तो बहुधा दुरुस्ती करताना.

क्रम लिहून दिला. आतून मोकळा करा. पाण्याने नाही, हवेने आणि ब्रशने साफ करा. जिथे बद्द वाजलं तिथे खडूने खूण करा आणि खुणेच्या पुढे, चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. गंजावर पत्रा चढवून वेल्ड मारला तर गंज मधोमध जिवंत राहतो. कापताना खांब एकदम सोडू नका, डबा जॅकवर टेकवा आणि खांब एकाआड एक करा, नाहीतर कमर वाकेल. नवा पत्रा, मग प्राइमर, मग खालून डांबरी लेप. पाण्याची भोकं मोठी ठेवा आणि ती दिसतील अशी ठेवा. सगळ्यात शेवटी फ्लोअर.

पुतण्याने विचारलं, ‘हा डबा आता चालणार नाही ना काका, मग एवढं कशाला?’ उभ्या डब्याला उलट जास्त लागतं. चालता डबा दर दीड वर्षाने वर्कशॉपात येतो, कुणीतरी त्याला ठोकून बघतो. उभ्या डब्याकडे कोण बघणार? आणि हॉटेलवाला फ्लोअर रोज पाण्याने धुणार.

20 मे, शुक्रवार

कांदा चाळीत भरून झाला. भाव पडलेले, विकावा तर वाहतूकही निघत नाही. दुपारभर आलं लावायच्या वाफ्यांचं काम.

पुतण्याचा फोन. मालकाने तळाचा खर्च मान्य केला, पण तोंड वाकडं करून. त्याला म्हणे ‘दिसेल असं काम’ पाहिजे.

26 मे, गुरुवार

जुनी वही सापडली, शिकाऊ असतानाची. माटुंग्याला जायला लासूर स्टेशनवर मीटरगेजच्या गाडीत बसलो होतो. निजामाच्या रेल्वेने 1900 च्या सुमारास टाकलेला तो रूळ, पुढे नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला. मनमाडला उतरून मुंबईची गाडी धरायची. देवगावला रेल्वे नव्हती, आजही नाही. डायनिंग कार म्हणजे काय, हे मी माटुंग्यालाच पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही उलटं, जॅकवर चढवलेली, खालून.

वहीत शॉपच्या इतिहासाचं एक पान आहे. माटुंगा वर्कशॉप 1915 चं, जीआयपी रेल्वेचं. डेक्कन क्वीनच्या पहिल्या दोन गाड्या इथेच बांधल्या गेल्या, अंडरफ्रेम विलायतेहून आणि वरचं घर माटुंग्याचं. सात-सात डबे. एक गाडी रुपेरी, तिच्यावर लाल पट्ट्या. दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. 1 जून 1930 ला मुंबई-पुणे धावली. 1966 मध्ये ते डबे गेले आणि पेरांबूरचे पोलादी आले. 1995 मध्ये पुन्हा नवे, एअर ब्रेकवाले. दर वेळी गाडी बदलली, पण डायनिंग कार राहिली. इतर गाड्यांची जेवणगाडी पॅन्ट्री होऊन गेली, खाणं जागेवर यायला लागलं. टेबलाशी बसून खायचा डबा रोजच्या गाडीत उरला तो फक्त हिच्यात.

1 जून, बुधवार

आज डेक्कन क्वीनचा वाढदिवस. पुण्याला स्टेशनवर प्रवासी केक कापतात. आम्ही देवगावात चहा घेतला.

पोरांना सांगत होतो, गाडीत जेवण ही आपली कल्पना नव्हे. अमेरिकेत पुलमनने 1868 मध्ये ‘डेल्मोनिको’ नावाचा डबा काढला, आतच भटारखाना. इंग्लंडमध्ये 1879 ला लीड्स-लंडन मार्गावर आला, त्यात शेगडी कोळशाची. आपल्याकडे अडचण वेगळी होती. पुष्कळ डबे आतून जोडलेले नसत. म्हणून जेवायचं तर एका स्टेशनावर उतरून जेवणगाडीत चढायचं आणि पुढचं मोठं स्टेशन येईतो तिथेच बसायचं. घाई करून उपयोग नाही. जेवणारा माणूस गाडीच्या ताब्यात. त्यामुळे वाढणाऱ्याची ऐट काही औरच असणार.

धाकट्याने विचारलं, गाडी हलते तर चहा सांडत नाही? हाच तर डायनिंग कारचा सगळा शहाणपणा. फळ्यांना पुढे कठडा, चुलीच्या माथ्यावर भांडं अडवणारी दांडी, कप काठोकाठ न भरणं, आणि वाढणाऱ्याचे पाय. कर्जतला गाडीला बँकर म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लागतात. पुढे बोरघाट, चढ 37 ला 1. टेबलावरचं ऑमलेट, चीज टोस्ट, कटलेट सगळं एका अंगाला कलतं. असा डबा बनवणाऱ्याने प्रत्येक कोपरा गोल आणि प्रत्येक काठ उंच का केला, ते तेव्हा कळतं.

म्हणूनच म्हणतो, डायनिंग कार जपायची तर तिचे पडदे आणि दिवे जपून भागत नाही. भटारखाना जपावा लागतो. आणि बरोबर तोच आधी तोडला जातो.

11 जून, शनिवार

पाऊस अजून नीट नाही. कपाशीचं बी आणून ठेवलंय.

आज वाद. मालकाला डबा ‘ब्रिटिशकालीन’ हवा. पितळी दिवे, लाल मखमल, सागवानासारखा दिसणारा लॅमिनेट आणि दारावर 18 ने सुरू होणारं कुठलंतरी साल. पुतण्याला म्हटलं, डब्यावरचा नंबर खरवडून बघ. त्याने बघितला. भारतात डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे बांधणीचं साल सांगतात. इथे 94. इंग्रजांचं राज्य जाऊन जवळपास अर्धशतक उलटलं होतं! अशा डब्याला इंग्रजी जुनेपण चिकटवलं की तो जुना दिसत नाही, खोटा दिसतो.

नव्वदच्या दशकातल्या पॅन्ट्रीला स्वतःचं रूप होतं. स्टीलचा ओटा, हॉट केस, चहाचा मोठा पिंप, भिंतीला फिकट रंगाचा लॅमिनेट, छताला पंख्यांची जाळी. ज्यांनी कोकण, विदर्भ, मराठवाड्यातून रात्रभर प्रवास केलाय त्यांना ते बघताच वडे आणि टोमॅटो सूपचा वास येईल. त्याची लाज कसली वाटायची?

राजस्थानच्या ‘पॅलेस ऑन व्हील्स’ची गोष्ट मालकाला मुद्दाम ऐकवली. 1982 मध्ये ती सुरू झाली तेव्हा संस्थानिकांचे खरे जुने सलून जोडले होते. रोजच्या धावण्याला ते पुरेनात, 1991 मध्ये नवे डबे करावे लागले. खरं जुनं आणि रोज वापरायचं, दोन्ही एकाच डब्याकडून मागितलं की असं होतं. आपल्या ‘डेक्कन ओडिसी’ने तो घोळ घातलाच नाही. 2004 मध्ये डबे नव्याने बांधूनच घेतले. वेरूळला पाहुणे घेऊन येणारी ती गाडी सध्या कोविडपासून बंद आहे.

मालक ऐकून घेतो. मानतो किती, ते दिसेल.

22 जून, बुधवार

आजपासून डेक्कन क्वीन नव्या एलएचबी, म्हणजे जर्मन डिझाइनच्या, डब्यांची झाली. लाल-हिरवा रंग, मधे पिवळा पट्टा. डायनिंग कारचं रूप अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडून करून घेतलंय. आधी 32 जण बसायचे, आता 40. डबा ठेवला याबद्दल रेल्वेचे आभार मानले पाहिजेत. हिशेबाने बघितलं तर एवढ्या जागेत चेअर कारची जास्त तिकिटं विकली गेली असती.

आयसीएफ डिझाइनच्या डब्यांची बांधणी 2018 मध्येच थांबली. आज जी जुनी डायनिंग कार सेवेतून उतरली, ती त्या जातीची रोज धावणारी शेवटची. आमच्या शॉपच्या जुन्या सोबत्याला फोन केला. बराच वेळ बोललो, त्यातलं निम्मं तळाच्या पत्र्याबद्दल. दोघांचंही मत एकच, की तिला भंगारात जाऊ देऊ नये आणि हॉटेलही करू नये. ओटा, कपाटं, टेबलं, कठडे जागच्या जागी ठेवून ती शेडमध्ये, छताखाली उभी करावी. पावसात उघड्यावर ठेवून दर दिवाळीला रंग मारला तर दहा वर्षांत फक्त रंगच उरेल.

3 जुलै, रविवार

पुतण्याने तळ पुरा केला. यावेळी फोटो सगळे खालचे. वेल्ड सरळ आहेत, भोकं मोकळी आहेत, लेप एकसारखा आहे. मालकाने मखमल सोडली नाही, पितळी दिवेही येणार. पण स्टीलचा ओटा आणि चहाचा पिंप राहू द्यायला तयार झाला, गिऱ्हाइकांना फोटो काढायला बरं पडेल म्हणून. कारण काही का असेना. दारावरचं खोटं साल मात्र गेलं, तिथे डब्याचा खरा नंबर रंगवलाय.

पुतण्याला शेवटचं एक काम सांगितलंय आणि जुने डबे घेऊन हॉटेलं काढणाऱ्या सगळ्यांना तेच सांगणं आहे. दारापाशी एक पाटी लावा. डबा कुठे बांधला, कुठल्या साली, कुठल्या गाडीला लागत होता, कुठल्या वर्कशॉपने दुरुस्त केला, एवढं त्यावर लिहा. आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, कुणालातरी हातोडी घेऊन खाली पाठवा.