पायांच्या मापाचं गाव : होबोकेन

अमेरिकेतल्या मराठी माणसाला "घर कसं निवडलंत?" म्हणून विचारलं, की उत्तर साधारण ठरलेलं असतं. शाळा उत्तम, गॅरेज दोन गाड्यांचं, हायवे पाच मिनिटांवर. घरात गाडी न चालवणारं माणूस कोण आणि ते दिवसभर काय करणार, हा प्रश्न त्या यादीत सहसा नसतो. तो उभा राहतो आई-बाबा सहा महिन्यांसाठी आल्यावर. पुण्या-ठाण्यात रोज भाजी आणणारे, बँकेत स्वतः जाणारे, संध्याकाळी कट्ट्यावर बसणारे बाबा इथे आपली वाट बघत खिडकीशी बसून असतात. आणि मंडळी, वीस-पंचवीस वर्षांनी त्या खिडकीशी आपणच असणार आहोत! तेव्हा गाडीवाचून जगता येईल असं गाव शोधणं हा काही फक्त तरुण, सड्याफटिंग मंडळींचा शौक नाही.

असं एक गाव न्यू जर्सीत, हडसन नदीच्या काठी, मॅनहॅटनच्या अगदी समोर आहे. होबोकेन. जमीन जेमतेम सव्वा चौरस मैल आणि २०२०च्या जनगणनेप्रमाणे वस्ती ६०,४१९. कर्नल जॉन स्टीव्हन्स यांनी १७८४ साली ही जमीन घेतली आणि १८०४ मध्ये प्लॉट पाडून विकायला काढली. मोटारगाडीच्या जन्माआधी गावाची आखणी झाली, हे त्याचं भाग्य. दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत अर्ध्या तासात आरामात चालत जाता येतं.

१९०७ साली बांधलेल्या, हिरवट तांब्याने मढवलेल्या स्टेशनातून बाहेर पडा आणि वॉशिंग्टन स्ट्रीट धरा. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, अशी आपल्याकडच्या जुन्या पेठांसारखी रचना. वाणसामान, औषधं, केशकर्तनालय, बेकरी, सगळं हाकेच्या अंतरावर. पाचव्या रस्त्यावर आत वळलात की सार्वजनिक वाचनालय आणि त्याच्या समोरच चर्च स्क्वेअर पार्क. बाकावर म्हातारी माणसं, पलीकडे खेळणारी मुलं. उलट दिशेला गेलात तर नदीकाठचे बगीचे. आजोबांची संध्याकाळ इथे कुणालाही फोन न करता पार पडते.

गावाबाहेर जायचं तर पाथची भुयारी गाडी आहे. ती १९०८ पासून चालू आहे आणि रात्रभर चालते. पंधरा मिनिटांच्या आसपास तुम्ही न्यूयॉर्कच्या तेहतिसाव्या रस्त्यावर. पोहे, कढीपत्ता हवा असेल तर पाथनेच जर्नल स्क्वेअरला उतरायचं. नेवार्क अव्हेन्यूवरची देशी दुकानं तिथून चालत जाण्यासारखी आहेत. एडिसनच्या नातेवाइकांकडे मात्र सिकॉकसला गाडी बदलून जावं लागतं, आणि पुढे स्टेशनवर घ्यायला कुणीतरी गाडी घेऊन यावंच लागतं!

मला इंजिनिअर म्हणून सर्वांत कौतुक वाटलं ते इथल्या कोपऱ्यांचं. क्रॉसिंगपासून २५ फुटांत गाडी उभी करू नये असा न्यू जर्सीचा कायदाच आहे, पण तो पाळतो कोण? होबोकेनने त्या जागेत खांब, सायकलींचे स्टँड, झाडांच्या कुंड्या लावून टाकल्या. गाडी उभी करायला जागाच उरली नाही. त्यामुळे रस्ता ओलांडणारं लहान मूल ड्रायव्हरला आधीच दिसतं. २०२२ मध्ये वेगमर्यादाही २० मैलांवर आणली. जानेवारी २०१७ नंतर सलग सात वर्षे या गावात रस्त्यावरच्या अपघातात एकही मृत्यू झाला नाही. उपाय तसे साधेच!

आता उणी बाजू. जागा लहान आणि महाग. पाहुणे गाडी घेऊन आले की पार्किंगसाठी गल्ल्या पालथ्या घालायच्या. पश्चिमेचा भाग सखल. २०१२च्या सँडी वादळात तिथे पाणी भरलं होतं. त्यानंतर पावसाचं वीस लाख गॅलनपर्यंत पाणी साठवणारा बगीचा २०२३ मध्ये खुला झाला, तरी जागा घेताना रस्त्याची उंची विचारावीच. दुरुस्तीसाठी २०२५च्या फेब्रुवारीत पाथचं इथलं स्टेशन जवळजवळ महिनाभर बंद होतं. उलट बाजूने हिशेब असा : अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०२४च्या आकड्यांप्रमाणे एका नव्या गाडीचा वर्षाचा एकूण खर्च सुमारे १२,३०० डॉलर. दोनाची एक गाडी केली, तरी भाड्यातला फरक बराचसा भरून निघतो.

सर्वांनी होबोकेनला जावं असं माझं म्हणणं नाही. पण घर कुठेही बघा, परीक्षा हीच. दूध, औषध आणि वाचनालय पंधरा मिनिटांच्या चालीत आहे का? फूटपाथ सलग आहे का, की मध्येच गवतात संपतो? गाडी दर दहा मिनिटांनी असेल तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. तासाला एक असेल तर वेळापत्रक चुकलेल्याला सरासरी अर्धा तास, तोही जानेवारीच्या थंडीत. म्हणून नकाशावर बसची रेघ पाहून भुलू नका, दोन बसमधलं अंतर विचारा.

आणि शेवटची सूचना. जागा पसंत करण्यापूर्वी आईला एकदा तिथे घेऊन जा. ती एकटी जाऊन दूध घेऊन परत आली, तर खुशाल सही करा.