गोफाची नोंद

नाच पायांत असतो आणि नोंद कागदावर. हयात सरकारी सेवेत गेल्यामुळे आम्हांस कागदाची ओढ अंमळ अधिक, हे वाचक समजून घेतील.

1651 साली लंडनच्या जॉन प्लेफर्ड या पुस्तकविक्रेत्याने 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हे पुस्तक छापले. दोनच वर्षांपूर्वी त्या देशात राजाचा शिरच्छेद झाला होता. अशा धामधुमीत शंभराहून अधिक नाचांची चाल आणि मांडणी त्याने कागदावर उतरविली. बहुतेक नाचांत स्त्रिया व पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात. पहिली जोडी दुसरीबरोबर आपला भाग नाचते, एक जागा खाली सरकते आणि मग तिसरीबरोबर तोच भाग नाचते. 'हे' नावाच्या रचनेत नर्तक समोरच्यास एकदा उजव्या, एकदा डाव्या अंगाने ओलांडीत जणू वेणीच घालतात.

वेणी म्हटली की आपणांस गोफ आठवतो. कोकण-गोव्याकडे शिमग्यात वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांची टोके धरून निम्मे गडी एका दिशेने, निम्मे उलट दिशेने, एकदा आतून एकदा बाहेरून फिरतात. तीच वाट उलट चालली की गोफ उलगडतो. येथे कोणी कोणाचे उसने घेतले असे मानण्याचे कारण नाही. गोव्याच्या मांडोची गोष्ट निराळी. इंग्रजांचा हा नाच फ्रान्समार्गे युरोपभर गेला, आणि एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती घराण्यांत बहरलेल्या मांडोच्या समोरासमोरच्या रांगांत अभ्यासकांस त्याची छाया दिसते.

प्लेफर्डच्या पुस्तकाच्या आवृत्त्या पाऊणशे वर्षे निघत राहिल्या. पुढे ते नाच मागे पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल शार्प यांनी त्याच पानांवरून ते पुन्हा उभे केले आणि 1911 साली त्यासाठी संस्था स्थापिली. मात्र प्लेफर्डने रचना लिहिल्या, पावले कशी टाकावीत ते फारसे लिहिले नाही. त्या काळी ते सर्वांनाच ठाऊक होते! शार्प यांना तेथे तर्कावर भागवावे लागले. सर्वांस ठाऊक म्हणून जे लिहिले गेले नाही, तेच आधी हरवले.

आमच्या बोरगावात पंचमीला आणि गौरीला झिम्मा-फुगडी अजून रंगते. परंतु दंडफुगडी, बसफुगडी, एका हाताची फुगडी यांतील बारकावे आता सत्तरी ओलांडलेल्या मोजक्या आयाबायांपाशीच उरले आहेत. नातवंडे कन्नड वा इंग्रजी शाळांत शिकतात. त्यात गैर काही नाही. पण आजीचे गाणे त्यांना अर्धेच कळते, आणि गाणे सुटले की पाऊलही सुटते. पिढ्यान्‌पिढ्या या मातीत रुजलेल्या आपल्या घराण्यांनी सातबारे आणि वंशावळी जपल्या. त्याच दप्तरात एक वही या खेळांचीही असावी. हात कसे धरावेत, कोणते पाऊल आधी, गाण्याच्या कोणत्या शब्दावर वळावे, सारे लिहावे. ज्याला त्याला ठाऊक आहे तेही लिहावे. येत्या पंचमीच्या आत हे काम सुरू व्हावे, असे आम्हांस वाटते. उलगडलेला गोफ पुन्हा विणता येतो, मात्र वाट ठाऊक असेल तरच.